मीटर नसलेला झरा

त्या शनिवारी सकाळी सहाला मठाच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. काळ्या दगडातून पाणी येत होतं. वर डोंगर नाही, जवळपास नदी नाही, तरी मनगटाएवढी धार. ध्वनिक्षेपकावरून महाराज सांगत होते, "या पाण्याला उगम नाही. ज्याला उगम नाही, त्याला अंत नाही. आणि ज्याला अंत नाही ते पोटात गेलं, की दुखण्याचा अंत." लोकांनी माना डोलावल्या.

"अंत नाही, मग हा झरा दहाला बंद कसा पडतो?" रांगेत बाबांच्या मागे उभ्या असलेल्या तिने हळूच विचारलं.

"दहाला झरा विश्रांती घेतो," बाबा म्हणाले. "तुमच्या ऑफिसात नसते का जेवणाची सुट्टी?"

रांगेतल्या पुढच्या बाई वळून हसल्या. "आज लेकीला आणलंत वाटतं, घड्याळवाले?"

"शंकेखोर आहे. पण बाटल्या उचलायला बरी."

बाबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. नुसतं कानाला लावून कुठलं चाक अडलंय ते त्यांना कळायचं, पण तसं गिऱ्हाइकाला सांगायचे नाहीत. आधी झाकण उघडायचे. "झाकण उघडल्याशिवाय बोलायचं नाही," हे तिने लहानपणापासून ऐकलेलं. आई गेली आणि दुकानही बंद झालं, बोलणंही. या रांगेत त्यांना पुन्हा माणसं मिळाली होती. कोणाचे गुडघे, कोणाची झोप, सगळ्यांची चौकशी करायचे.

घरी आल्यावर त्यांनी पेला भरून तिच्यापुढे धरला. "घे, एक घोट."

पेला ओठांशी नेला आणि तिला वास आला. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात ती चौदा वर्षं प्रयोगशाळा सांभाळत होती. शहराला जाणाऱ्या पाण्यात क्लोरीन किती, हे रोज तीच तपासायची. तो वास तिने झोपेतही ओळखला असता.

बाबा तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. "गोड आहे ना?"

"गोड आहे," ती म्हणाली.

मंगळवारी चहा पिता पिता बाबा खुर्चीतच कलंडले. मेंदूत रक्तस्राव. "रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या ना?" डॉक्टरांनी विचारलं. "रोज घेत होते," तिने ठामपणे सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं.

पुढच्या आठवड्यात तिने त्यांच्या कामाच्या टेबलाचा खण उघडला. चिमटे, भिंगं, आणि त्यामागे रबर लावून ठेवलेल्या पुड्यांत रक्तदाबाच्या गोळ्या. सात आठवड्यांच्या, एकूण एक. सोबत मठाचं पत्रक: 'झऱ्याचं पाणी घेताना अन्य उपचार करू नयेत. दोन्ही केल्यास गुण येत नाही.'

बंद घड्याळ चालू आहे असं सांगून ज्या माणसाने कधी कोणाला फसवलं नाही, त्याने रोज सकाळी तिच्यादेखत गोळी तळहातावर घेतली होती आणि ती पाठमोरी झाली की खिशात टाकली होती. तिला रडू आलं नाही. राग आला, आणि तो कोणावर काढायचा तेच कळेना.

घरातल्या बाटलीतलं पाणी तिने केंद्रात नेऊन तपासलं. क्लोरीन असल्याचा पिवळा रंग आला नाही. येणारही नव्हता, इतक्या दिवसांत क्लोरीन उडून जातं. शनिवारी ती पुन्हा रांगेत उभी राहिली, बाटली भरली, तडक केंद्रात आली आणि क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे पाच थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. केंद्राच्या टाकीतल्या पाण्याला रोज येते, तीच छटा.

तिने गल्लोगल्ली पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनकाकांना बोलावलं.

"काका, मठाच्या गल्लीला पाणी किती वाजता सोडता?"

"सहा ते दहा. का गं?" मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "अरे देवा. म्हणजे महाराजांच्या झऱ्याला विश्रांती मीच देतो की काय?"

"तिथलं मीटर कोण वाचतं?"

"मीटर कुठलं? धार्मिक संस्था ती. घरपट्टी माफ, पाणीपट्टी माफ. वीस वर्षांपूर्वी मीच मीटर काढून आणलं. पट्टी घ्यायची नाही तर मोजायचं कशाला, साहेब म्हणाले. तेव्हापासून आपला माणूस त्या फाटकाच्या आत गेला नाही."

"आणि झरा कधी फुटला?"

काकांनी बोटांवर हिशेब केला आणि कपाळावर हात मारला. "एकोणीस वर्षं झाली."

मठाच्या करमाफीची मुदत त्याच महिन्यात संपत होती. नगरपालिकेत सकाळी नऊला सुनावणी होती. ती काकांना घेऊन गेली. मठाचे व्यवस्थापक तेल लावल्यासारखं गुळगुळीत बोलत होते.

"श्रद्धेवर कर लावणार का तुम्ही? आणि पाणीपट्टी कशाची? आमचा झरा आहे. तुमचं थेंबभर पाणी आम्ही घेत नाही."

"थेंबभरही नाही?" तिने विचारलं.

"थेंबभरही नाही."

"मग गल्लीतला व्हॉल्व्ह आत्ता बंद केला तर तुमची हरकत नसावी."

व्यवस्थापकांनी समोरचा पेला उचलला. सुनावणी घेणाऱ्या अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजायला अवकाश होता. झरा अजून वाहत असणार होता. "चला," ते म्हणाले.

अध्यक्षांना घेऊन ती अंगणात शिरली. बाहेर गल्लीत फाटकासमोर काकांनी लोखंडी झाकण काढलं, लांब किल्ली आत घातली आणि फिरवली. दगडातली धार बोटाएवढी झाली, मग दोऱ्याएवढी, मग टपटप. पुढचे लोक दगडाजवळ वाकले.

"शंकेखोरांच्या पावलांनी झरा रुसला," ध्वनिक्षेपक म्हणाला.

काकांनी किल्ली उलटी फिरवली. धार आली.

"रुसवा गेला," काका फाटकातून ओरडले. "पुन्हा रुसवू का?"

लोक हसले. काकांनी पुन्हा बंद केलं, पुन्हा सोडलं. तिसऱ्या वेळी कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी दगडामागची फळी काढायला लावली. जिथे पूर्वी मीटर होतं, तिथूनच एक निळा पाइप निघून दगडात शिरला होता. ध्वनिक्षेपक कधी बंद झाला ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

रांगेतल्या त्या बाई दोन्ही हातांत बाटल्या धरून उभ्या होत्या. "म्हणजे हे..."

"तुमच्या घरच्या नळाला येतं तेच. मी तपासून पाठवते ते." तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही प्रार्थना करा, त्यावर कोणी पट्टी मागत नाही. पण मठ शहराचं पाणी घेतो, शहराचा रस्ता वापरतो, तर शेजारच्या दुकानदारासारखा त्यानेही कर भरावा. कर भरणाऱ्याच्या दारात महिन्याला एक माणूस मीटर वाचायला येतो. तो इथे येत राहिला असता तर हा झरा महिनाभरही टिकला नसता. माफी आपण दिली, आणि तिच्याच आडोशाला हा पाइप पडला. यापुढे कोणी औषध सोडा म्हणालं, तर आधी झाकण उघडून दाखवा म्हणावं."

बाई एक पाऊल पुढे आल्या. "तुम्ही तर पाणीखात्यातल्याच. मग घड्याळवाल्यांना कसं नाही सांगितलंत? तुम्हाला आधी कळलं नव्हतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. खरंखोटं करायला कोणी येणार नव्हतं.

"कळलं होतं," ती म्हणाली. "ते जायच्या तीन दिवस आधी. त्यांनी पेला पुढे केला तेव्हाच मला वास आला होता. ते हसत होते, म्हणून मी गोड आहे म्हटलं."

बाईंनी बाटल्या खाली ठेवल्या. ती दगडाकडे वळली. धार आटली होती. काकांनी व्हॉल्व्ह बंदच ठेवला होता.

"बाबा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ते माझंच पाणी होतं. त्यात औषध नव्हतं."