जिंकून आलेली ढाल

मी ढाल बोलतेय. ग्रीसमधल्या दोदोनाच्या देवळात, पवित्र ओक वृक्षासमोरच्या भिंतीवर टांगलेली. वर चकचकीत ढाली आहेत, राजाने शत्रूकडून जिंकून आणलेल्या. खाली कोपऱ्यात पोचा पडलेली, ती मी.

लाकडाची पाठ, त्यावर काशाचा पत्रा, आत चामड्याचा पट्टा. तांबटाने घडवलं आणि मी मेंढपाळाच्या पोराच्या, अल्किमोसच्या, डाव्या हातात आले. हात घामट होता, पण उबदार.

आमचा राजा समुद्र ओलांडून रोमनांशी लढायला निघाला. जाताना जहाजात पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही जिंकलो. पुन्हा जिंकलो. त्या संध्याकाळी अल्किमोसचा गार हात सोबत्यांनी माझ्या पट्ट्यातून सोडवला. येताना जहाजात मला ऐसपैस आडवं पडता आलं.

घरी आजोबा सिमाकोस यांनी मला चुलीशेजारच्या भिंतीवर टांगलं. येईल त्याला सांगायचे, "माझा नातू जिंकून गेला!"

"गेला, एवढंच खरं," फेनारेता म्हणायची. अल्किमोसची बहीण ती, जिभेवर निखारा.

मग बातमी आली, राजा पुन्हा लढाईला निघतोय. ज्या घरात ढाल, त्या घरातून एक माणूस, ही आमची रीत. घरात उरला होता धाकटा लिसोन. आजोबा तेल चोळून माझा पट्टा मऊ करू लागले.

"लिसोनच्या मापाचा करताय?"

"घराण्याचा मान आहे, पोरी."

"मान तुम्ही सांभाळा. मला भाऊ हवाय."

पहाटे तिने मला पाठीला बांधलं, डोंगर उतरली आणि विजयाबद्दल मला इथे देवाला वाहून टाकलं. देवाचं झालेलं राजालाही परत घेता येत नाही.

पण राजाचा सरदार शहानिशा करायला देवळात आला. सोबत लालबुंद झालेले आजोबा.

"वडीलधाऱ्यांच्या संमतीशिवाय वाहिलेलं देवाला पोचत नाही," सरदार म्हणाला. "बोला आजोबा, तुम्ही सांगितलं होतं हिला?"

फेनारेताने श्वास रोखला. मीही.

आजोबांनी माझ्या पोच्यात बोट घातलं. बराच वेळ ते तिथेच राहिलं.

"मीच सांगितलं," ते म्हणाले. "दोनदा जिंकलो. देवाचे आभार नकोत मानायला?"

सरदार निघून गेला. फेनारेताला रडू कोसळलं.

"रडतेस काय? चल घरी," आजोबा खेकसले. "लिसोनला एकट्याला मेंढ्या आवरत नाहीत."

आता माझा पट्टा वाळून कडक होतोय. एकाही हाताच्या मापाचा राहिलेला नाही. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू! दर्शनाला आलात तर एवढंच करा, माझ्या पट्ट्याला तेल लावू नका.