सात नंबरची फाइल

माझी थोरली कारखान्यातल्या यंत्रांसाठी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहायची. धाकटा तिथेच, पत्रा कापायच्या सात नंबरच्या यंत्रावर होता.

"प्रत्येक यंत्राची वेगळी फाइल आहे, बाबा," तिने मला एकदा समजावलं. "मुख्य प्रोग्रॅममध्ये कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. सकाळी तो सुरू झाला की यादी वाचतो आणि नाव येईल त्या फाइलीला तिथल्या तिथे बोलावून घेतो."

"आणि एखादीने ओ दिली नाही तर?"

"तर गप्प पुढचं नाव. साहेब म्हणतात, एका फाइलीपायी कारखाना अडायला नको."

"ताई, माझं नाव तेवढं गाळू नकोस," धाकटा म्हणाला.

"तुझं तोंड बंद करणारी एक फाइल लिहिते आधी."

सात नंबरच्या फाइलीचं काम एवढंच होतं. हात आत असेल तर पातं खाली येऊ द्यायचं नाही.

माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी थोरलीने चार दिवस रजा घेतली. त्याच दिवसांत साहेबांनी जुन्या फाइली साफ करायला काढल्या. तिच्या जागी बसवलेल्या नव्या माणसाने सगळा प्रोग्रॅम धुंडाळला. सगळ्यांत जुनी फाइल सात नंबरची, तिचं नाव त्यात कुठेच नव्हतं. बिनकामाची दिसते, म्हणून त्याने ती पुसली. यादी उघडून बघायचं त्याला सुचलं नाही.

सोमवारी प्रोग्रॅमने यादी वाचली, सात नंबरला हाक मारली. ओ आली नाही. तो पुढे गेला.

धाकट्याचा उजवा हात मनगटापासून गेला.

चौकशीत साहेबांनी नव्या माणसाकडे बोट दाखवलं. थोरली गप्प बसली असती तर नोकरी राहिली असती, आणि घर तिच्याच पगारावर होतं. अहवालात तिचं म्हणणं दीड ओळीत आहे. मी ते बोट ठेवून वाचलं. 'फाइल त्यांनी पुसली. पण ती सापडली नाही तर गप्प पुढे जा, हे मी लिहिलं.'

तिला काढलं. साहेब आहेत तिथेच आहेत.

धाकटा तिच्याशी बोलत नाही. दुपारी ती ताट घेऊन त्याच्या दाराशी जाते, त्याच्या नावाने हाक मारते. आतून ओ येत नाही. ती पुढे जात नाही. ताट गार होईपर्यंत तिथेच उभी असते.