चाकांवरील स्वयंपाकगृहाची छिद्रे

विसरवाडीच्या फाट्यावर, जेथे मालमोटारी व एसटी गाड्या एकमेकींवर अखंड ओरडत असतात, तेथे माझे बस-बॉडी दुरुस्तीचे गॅरेज आहे. माझे नाव इमॅन्युएल नारसिंग गावित. माझे शिक्षण आठवीपर्यंत शाळेत व तदनंतर वेल्डिंगच्या धुरात झाले. उरलेली मराठी भाषा मी चर्चच्या कपाटातील ग्रंथांतून मिळविली. त्या ग्रंथांची पाने वाळवीने खाल्लेली असल्यामुळे काही वाक्ये मला अपूर्णच ठाऊक आहेत. तथापि पुढील वृत्तांत पूर्ण आहे.

रनाळ्याचे हेमराज पाटील एके सकाळी एका शाळेची निवृत्त पिवळी बस घेऊन माझ्या दारी आले. बसच्या पाठीवर ‘मुले ही देवाघरची फुले’ असे लिहिलेले होते व त्याखाली त्याच फुलांनी खिळ्याने कोरलेले बरेच अपशब्द होते.

“इमॅन्युएल भाऊ,” हेमराज म्हणाले, “मायकरता हिन्हं घर करनं शे. चूल बी मझार, बसमाच पायजे. गॅसनी.”

कारण असे होते. हेमराजांच्या मातोश्री धनुबाई यांनी गुरुमंत्र घेतल्यापासून स्वहस्ते व स्वतःच्या चुलीवर शिजविलेल्या अन्नाव्यतिरिक्त काहीही ग्रहण केले नव्हते. कांदा-लसूण वर्ज्य होते, आणि अंड्याचे नुसते नाव निघाले तरी त्या चूळ भरीत. त्यांची कन्या दीपमाला नागपुरास दिलेली. तिचे दुसरे बाळंतपण जवळ आले होते व डॉक्टरांनी तिला पलंगावरून हलू नये असे बजाविले होते. पहिल्या खेपेस ती माहेरी आली होती; या खेपेस आईने जावयाचे होते. परंतु लेकीच्या घरचे अन्न आई खात नाही, ही तापीकाठची रीत. शिवाय जावईबापू अंडी खातात, हे धनुबाईंना ठाऊक होते. म्हणून हेमराजांनी तोड काढली की, धनुबाईंचे स्वयंपाकघरच चाकांवर घालून नागपुरास न्यावे व लेकीच्या इमारतीखाली उभे करावे. दीपमाला रोज फोनवर रडत असे. बस झाली नाही, तर आई येणार नाही, एवढे सरळ प्रकरण होते.

मी कामास लागलो. मागच्या बाजूस गॅसच्या टाकीकरिता पत्र्याची बंदिस्त पेटी केली. ती केवळ बाहेरूनच उघडत असे व तिच्या तळाला छिद्रे होती. टाकी उभी ठेवून पट्ट्याने आवळली. तेथून तांब्याची नळी आणली. ती जेथे पत्र्यातून आत शिरते तेथे रबरी कडे बसविले, कारण बस रस्त्यावर हादरते आणि पत्रा तांब्यास करवतीसारखा कापतो. शेगडीच्या ओट्याखाली बंद करण्याचा कॉक बसविला. गॅसचा वास लागताच किंचाळणारा अलार्म मी जमिनीलगत लावला आणि ओट्याखालच्या जमिनीस आरपार छिद्रे पाडली.

धनुबाई पाहणीस आल्या, त्या थेट छिद्रांपाशी येऊन थांबल्या.

“नवा घरले कोनी भोकं पाडस का?”

“माय, हा गॅस हवेपेक्षा जड असतो,” मी नम्रपणे म्हणालो. “गळला तर पाण्यासारखा खाली साचतो. त्याला उतरायला वाट पाहिजे.”

“मंग गळूच नको देऊ! तू मिस्तरी शे का चाळणी करनारा?”

यावर त्यांचे बंधू दोधूमामा मोठ्याने हसले. दोधूमामा हे या कथेतील सर्वांत मदत करणारे गृहस्थ होत. आयुष्यभर विहिरींवरील मोटारी दुरुस्त केल्यामुळे जगातील प्रत्येक नट सैल आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. पान्हा त्यांच्या खिशात कायम असे, जसा भाविकांच्या खिशात देवाचा फोटो असतो; आणि दोहोंपैकी पान्ह्याने अधिक नुकसान केले होते.

मी प्रत्येक जोडास साबणाचे पाणी लावून पाहिले. फुगा आला नाही. सायंकाळी हे सर्व मी माझी पत्नी मार्था हिला सांगितले. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो. येथे मराठीत लिहितो.

“भोक कशाला ते त्या बाईला नीट सांगितलंस का?” तिने विचारले.

“सांगितले. वायूची घनता, अधोगती, निर्गमन, सर्व काही.”

“तुझं ऐकून मलाच भोक बुजवावंसं वाटतं,” मार्था म्हणाली.

मुहूर्ताच्या दिवशी बस रनाळ्यास पाटलांच्या अंगणात उभी होती. मी पोहोचलो तेव्हा बसच्या आत पूर्वरात्रीपासून बरेच धर्मकार्य झालेले होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. नव्या घरात पहिली चूल पेटविण्यापूर्वी जमीन शेणाने सारवावी लागते. धनुबाईंनी बसची जमीन सारविली होती. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर शेण धरत नाही, हे ध्यानी येताच त्यांनी त्यात माती व भुसा कालवून जाड थर दिला होता आणि वर रांगोळी काढली होती. माझी छिद्रे त्या पावित्र्याखाली गाडली गेली होती. दोधूमामांनी आत मांडलेल्या देव्हाऱ्यावर लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ सोडली होती. तिला वीज हवी म्हणून अलार्मची तार सोडवून तिला जोडली होती. आणि जाता जाता शेगडीखालच्या पितळी नटास, तो पुरेसा घट्ट असतानाही, त्यांनी आणखी एक आटा दिला होता.

अंगणातून पाहता मला केवळ ताजी रांगोळी व लुकलुकणारे देव दिसले. शेगडी पटकन पेटावी म्हणून धनुबाईंनी मला आधीच टाकी उघडावयास सांगितले. दिवा विझू नये म्हणून खिडक्या बंद करविल्या. मी मागे जाऊन टाकीचा कॉक उघडला. जोड तपासलेले होते, म्हणून माझे मन निर्धास्त होते.

इतक्यात दोधूमामांनी पुढच्या चाकापाशी नारळ फोडावयास घेतला. नारळ फुटेना. त्यांनी तो बंपरवर आपटला. बंपर वाकला, नारळ तसाच राहिला.

“मामा, दगड घ्या,” मी म्हणालो.

“माले शिकाडू नको. तापीकाठन्या निम्म्या मोटरी मन्हा हातवर चालनात.”

“आन उरलेल्या निम्म्या मन्हा भाऊनी बंद पाड्यात,” धनुबाई म्हणाल्या. त्या हातात ताट घेऊन उभ्या होत्या. ताटात पेटलेले निरांजन होते. हेमराजांच्या फोनवर दीपमाला नागपुराहून पाहत होती व म्हणत होती, “माय, लवकर कर ना, मला बसवत नाही.”

नारळ अखेरीस फुटला. धनुबाईंनी हेमराजांस बसचे दार उघडावयास लावले व ताट घेऊन पहिली पायरी चढल्या. दुसऱ्या पायरीवर पाय ठेवणार, तोच थबकल्या. त्यांच्या नाकपुड्या फुगल्या.

“आठे अंडं कोनी खाधं?”

त्यांनी मान वळवून आम्हा प्रत्येकाकडे पाहिले.

“मन्हा सैंपाकघरमा अंडं! सडकं! इमान्या, तू खाधं ना?”

अंगणात शेण, उदबत्ती, फुटका नारळ व दोधूमामा यांचा एवढा दरवळ होता की, आम्हा कोणास काहीही कळले नव्हते. परंतु या बाईंचे नाक वर्षानुवर्षे केवळ पाप हुडकण्याच्या अभ्यासात गेलेले होते. सडक्या अंड्याचा वास! गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून तो सडका वास त्यात मुद्दाम मिसळलेला असतो.

“माय, दिवा!” मी ओरडलो. “दिवा घेऊन मागे सरा!”

“मी काबर सरू? अंडं तू खाधं, मागे मी सरू?” त्या ताटासह तेथेच उभ्या राहिल्या. निरांजनाची ज्योत वाऱ्यावर आतल्या बाजूस वाकत होती.

गॅस आहे असे सांगावे, तर त्या ‘कुठे?’ म्हणून आत वाकून पाहतील. हिसकावयास जावे, तर ताट पायरीवर पडेल. देवास पाहावयास डोळे असतीलच, परंतु त्यास नाक आहे की नाही याचा उल्लेख मला कोणत्याही ग्रंथात आढळलेला नाही. म्हणून त्याच्यावर विसंबणे मी टाळले.

“हो माय!” मी हात जोडले. “मीच खाल्लं! तुमच्या शेगडीपाशी बसून खाल्लं! दिवा बाटतोय, आधी तो लांब न्या!”

धनुबाई अशा पळाल्या की त्यांच्या वयाची कोणी स्त्री मी तशी पळताना पाहिलेली नाही. ताट उंच धरून, अंगण ओलांडून, थेट पलीकडच्या गोठ्यापर्यंत. दिवा बचावला. आम्हीही बचावलो.

मी मागे धावलो, टाकी बंद केली. “बटणाला कोणी हात लावू नका!” असे हेमराजांस बजावून बसचे मागचे आपत्कालीन दार बाहेरून उघडले. खिडक्याही बाहेरून सरकविल्या. देव्हाऱ्यावरील माळ आपली लुकलुकतच होती. सुदैवाने देव उंचावर होते व गॅस तळाशी. वाऱ्याने बस पुरती धुऊन निघेपर्यंत आम्ही गोठ्यापाशी उभे राहिलो. गॅसचा स्फोट टळला होता; दुसरा तेथे झाला.

“मी नागपूर जात नही,” धनुबाई म्हणाल्या. “बाटेल चूलवर मी भाकर टाकत नही. मन्ही आंडेरले, दीपमालाले सांगा, माय मरी गई समज.”

“माय, असं नको ना बोलू,” फोनमधून दीपमाला रडत म्हणाली.

“माय, मी खोटं बोललो,” मी म्हणालो. “तुम्ही दिवा न्यावा म्हणून. तो वास गॅसचा होता.”

“तुन्हा देवनी शपथ ले. आज अंडं खाधं का नही?”

येथे माझी परीक्षा झाली. वाचकांपासून काय लपवावे? त्या सकाळी मी फाट्यावर अंडाभुर्जी खाल्ली होती.

“खाल्लं,” मी म्हणालो. “पण विसरवाडीला. हात धुतले.”

“म्हनजे खाधं बी शे, आन नही बी खाधं?” दोधूमामांनी आनंदाने विचारले. “पाद्रीले इचार याले काय म्हनतस.”

मी अंगणातील तुळशीपुढचा दिवा व उदबत्त्या विझवून घेतल्या, वाटीत साबणाचे पाणी घेतले, आणि धनुबाईंस बसच्या दाराशी येऊन केवळ हुंगण्याची विनंती केली. खिडक्या-दारे सताड उघडी होती. हेमराजांनी क्षणभर टाकी उघडली. मी शेगडीखालच्या नटास पाणी लावले. पितळ चिरलेले होते. त्यातून बोराएवढा फुगा आला, फुटला, पुन्हा आला.

धनुबाईंनी पदर नाकाला लावण्याऐवजी बाजूला केला आणि दीर्घ श्वास घेतला.

“हाऊच तो. हाई अंडं!”

“टाकी बंद!” मी ओरडलो. “माय, हा नट काल शाबूत होता.”

सर्वांनी दोधूमामांकडे पाहिले. मामांनी खिशावर हात ठेवला.

“येकच आटा दिधा व्हता,” ते म्हणाले.

“तो पान्हा आठे आन,” धनुबाई म्हणाल्या. त्यांनी तो गोठ्यातील शेणाच्या ढिगात फेकला व भावास सांगितले की, हवा असेल तर हातांनी काढ. नंतर त्या माझ्याकडे वळल्या. “मिस्तरी, गळनारं ते अंडं कोठून जाई म्हने?”

मी छिद्रांच्या जागी काढलेल्या रांगोळीकडे बोट दाखविले. धनुबाई खुरपे मागवून स्वतः बसल्या व शेणाचा थर खरवडू लागल्या. छिद्रे मोकळी झाली, तेव्हा त्यांनी त्यात बोट घालून पाहिले.

“इतलीच? आजून पाड. मन्हा सैंपाकघरमा अंडाले थांबाले जागा नको.”

मी आणखी छिद्रे पाडली, नवा नट बसविला, अलार्मची तार देवांकडून परत घेतली. प्रत्येक जोड पुन्हा साबणाने तपासला. धनुबाई पाठोपाठ प्रत्येक जोड हुंगीत गेल्या, आणि माझ्यापेक्षा त्यांचा निकाल अधिक कडक होता. छिद्रे सोडून भोवती त्यांनी पुन्हा सारविले. मुहूर्त केव्हाच टळून गेला होता. त्याची आठवण हेमराजांनी करून दिली, तेव्हा त्या म्हणाल्या, “मुहूर्त गया खड्डामा. आते वास येत नही ना? पेटाड.”

निळी ज्योत लागली. पहिली भाकरी भाजल्यावर, निघताना व वाटेत गाडी चालू असेपर्यंत टाकी बंद ठेवावी, एवढे मी हेमराजांकडून तीनदा वदवून घेतले. दुसऱ्या दिवशी पहाटे बस नागपुरास निघाली. पाठीवर ‘मुले ही देवाघरची फुले’ व त्याखालचे अपशब्द तसेच होते. ते रंगवावयाचे मी विसरलो होतो.

पंधरवड्याने मला दीपमालाचा फोन आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या, आई रोज खालच्या बसमध्ये जेवून वर येऊन नातीस न्हाऊ घालीत होती.

“फार उपकार झाले, इमॅन्युएल भाऊ,” ती म्हणाली. “पण एक अडचण आहे. मायनं काल माझं स्वयंपाकघर हुंगलं. यांचं ऑम्लेट होतं, खरंखुरं. आता ती हटूनच बसलीय, ओट्याखाली भोकं पाडा म्हणते. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली मेश्राम राहतात.”