सल्ला न देणारी बाई

काकांनी खुर्ची ओढली, पिशवी मांडीवर घेतली आणि बसता बसता सांगून टाकलं.

"ऑपरेशनची तारीख पुन्हा सोडली."

समुपदेशक बाईंनी शांतपणे मान हलवली. "नकोसं वाटतंय तुम्हाला."

"हं."

"भीती वाटतेय."

"असेल."

काकांनी जन्मभर लिफ्टदुरुस्तीचं काम केलेलं. आता हृदयाचं ऑपरेशन निघालं होतं आणि डॉक्टरांनी दिलेल्या दोन्ही तारखा त्यांनी घालवल्या होत्या; आता येत्या सोमवारची तिसरी मिळाली होती. बाईंकडे त्यांचा हा नववा गुरुवार. बाईंची पद्धत ठरलेली होती. माणसाला त्याचं उत्तर आतून ठाऊक असतं. आपण मनापासून ऐकायचं, दोष द्यायचा नाही, आणि सल्ला तर मुळीच नाही. खोटं कशाला बोला, या पद्धतीनेच काका टिकले होते. पहिले दोन गुरुवार ते नुसते बसून गेले, आणि बायको गेल्यावर पहिल्यांदा रडले तेही याच खुर्चीत. पण ऑपरेशनचा विषय निघाला की गाडी अडायची.

"ही होती तेव्हा जरा खोकलो तरी घर डोक्यावर घ्यायची," काका म्हणाले. "आता खोकत बसा निवांत. हटकायला कुणी नाही."

"त्यांची उणीव जाणवते."

काका हसले. "राग मानू नका मॅडम. तुम्ही फार चांगल्या आहात. पण इथे काहीही बोललं तरी माझंच बोलणं घडी घालून परत हातात मिळतं."

बाईंना ते लागलं. त्यांनी वही मिटली, आणि वीस वर्षांत कधी चढवला नव्हता तो आवाज चढवला.

"मग ऐका! जीव नकोसा झालाय का तुम्हाला? डॉक्टर कानीकपाळी ओरडतायत आणि तुम्ही खुशाल तारखा घालवताय! सोमवारी मुकाट्याने भरती व्हायचं. आणि का जात नाही, ते एकदा तरी धड सांगा!"

बोलून गेल्यावर त्यांच्या मनात आलं, आता हा माणूस काही परत येत नाही.

काकांनी पिशवीतून एक फॉर्म काढला. घड्यांवर तो फाटत आला होता.

"भीती कसली हो. तीस मजली इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात लोंबकळून काम केलंय मी. पण भरती व्हायला नातेवाईक लागतो. सही करायला, बाहेर बसायला. दोन्ही वेळा हॉस्पिटलच्या खिडकीपर्यंत गेलो होतो. 'बरोबर कोण आहे?' म्हणाले, की 'गाडी लावतायत' असं सांगून परत फिरलो."

नऊ गुरुवार बाई भीतीच ऐकत आल्या होत्या. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"सोमवारी किती वाजता?"

"सातला. पण मॅडम, तुम्ही..."

बाईंनी फॉर्म पुढे ओढला. नाव लिहिलं, सही केली. नात्याच्या रकान्यात 'पुतणी' लिहिलं.

"तुमचा नंबर सांगा, काका."

"फाइलीत आहे की."

"फाइलीत आहे. माझ्या फोनमध्ये नाही." बाईंनी फोन हातात घेतला, पण वर पाहिलं नाही. "मलाही कधी विचारतील, बरोबर कोण आहे म्हणून."