जिन्यातला थांबा

आमच्या लाँड्रीत आई वरच्या मजल्यावर कपडे धुते, काका खाली इस्त्री करतो आणि मधे, जिन्याच्या वळणावर, बाबा स्टूल टाकून बसतात. आई "घ्या" म्हणून गठ्ठा सोडते. बाबा तो जरा अडवतात, गिऱ्हाइकाचे सगळे कपडे आले का बघतात, मग खाली सरकवून "हं" म्हणतात. त्या "हं"शिवाय काका इस्त्री उचलत नाही. या अडवण्यावरून आईनं जन्मभर बाबांचं डोकं खाल्लंय. पण एकदा ते नव्हते, तेव्हा एकाची पँट दुसऱ्याच्या लग्नाला जाऊन आली.

मध्यंतरी बाबांना सारखी चक्कर यायची. डॉक्टरबाईंनी हृदयाचा आलेख काढला आणि समजावलं, की ठोक्याचा हुकूम वरच्या कप्प्यांत निघतो. मधे पेशींची एक गाठ असते, ती तो क्षणभर अडवते, म्हणजे वरचं रक्त पुरतं खाली येतं. मग गाठ हुकूम सोडते आणि खालचे कप्पे आवळतात. बाबांची गाठ आता थकली होती. काही हुकूम तिथंच अडकायचे. पेसमेकर बसवावा लागेल.

बाबांना ती गाठ सख्ख्या भावासारखी वाटली. थकला म्हणून कुणाच्या डोक्यावर यंत्र आणून बसवायचं का? त्यापेक्षा तिला चार दिवस सुट्टी द्या, म्हणाले, आणि घरी येऊन स्टुलावर बसले. आम्ही समजावून दमलो.

मंगळवारी मी पिशव्या घेऊन आलो, तर काका उघड्या अंगानं स्वतःच्या शर्टाला इस्त्री करत होता. अगदी सावकाश. त्याआधी त्यानं पडदा, टेबलावरचं कापड आणि कॅलेंडर उरकलं होतं. "हं" आलं नाही, मग हात रिकामे कसे ठेवायचे, म्हणाला. वरून आईचं "घ्या, घ्या" चालूच होतं. मी जिन्यात धावलो. वळणावर चादरींचा डोंगर, आणि डोंगराखालून बाबांची एक चप्पल.

उपसून काढलं, पाणी मारलं. बाबांनी डोळे उघडले. वर आईकडे पाहिलं, खाली उघड्या काकाकडे पाहिलं.

"माझ्या आत असंच चाललंय का रे?"

"असंच," मी म्हणालो. "वरचे आपल्या तालात, खालचे आपल्या."

बाबा उठून बसले. मग चप्पल शोधायला लागले.

दवाखान्यात त्यांनी डॉक्टरबाईंना एकच विचारलं, यंत्र मधे थांबतं का, की घाईनं ढकलून देतं? थांबतं, त्या म्हणाल्या, तुमच्या गाठीसारखंच, क्षणभर.

"आणि तिला काढू नका. बसू दे तिथंच."

तिला कोणी हात लावत नाही, बाई म्हणाल्या.

आता जिन्यात दोरीची टोपली आहे, खाली पोचली की घंटी वाजते. काका घंटीला दाद देत नाही. बाबा भिंतीला टेकून, डोळे मिटून बसलेले असतात. टोपली शेजारून गेली की तिला हात लावतात आणि हळूच म्हणतात, हं.