अकरा ताटं, एक अंडं

मला आलेल्या एका पत्राला मी त्रेपन्न दिवस उत्तर दिलं नव्हतं. ते मी जाड शब्दकोशाच्या शेवटच्या पानांत ठेवलं होतं, कारण तिकडे कोणी फिरकत नाही.

पत्र एका स्वयंपाकिणीचं होतं. बंद पडलेल्या लाँड्रीमागच्या खोलीत ती रोज दुपारी चाळीसेक माणसांना फुकट जेवू घालते. सगळे तिला मावशी म्हणतात. तिनं लिहिलं होतं: "माझा अनुदानाचा अर्ज आज नामंजूर झाला. का, ते कचेरीत सांगत नाहीत. साठ दिवसांत अपील करता येतं म्हणे, पण कारण लेखी पाहिजे. सभेच्या दिवशी मी दारात उभी होते. माझा अर्ज शेवटपर्यंत वाचणारे तुम्ही एकटेच दिसलात. माझं चुकलं कुठे तेवढं कळवा. धुराडं आणि मोरी तीन महिन्यांत नियमाप्रमाणे झाली नाही तर खोलीला कुलूप लागेल."

मी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुकांवर पोट भरलं. स्वतःचं एक वाक्य काही धड लिहिता आलं नाही.

अनुदानाची ती योजना सामुदायिक अन्नसाहाय्याची. उपाशी माणसाला जेवण मिळावं एवढंच तिचं म्हणणं, पण ते म्हणायला बावीस पानांचा अर्ज लागतो आणि त्या बावीस पानांत 'भूक' हा शब्द एकदाही येत नाही. मी शोधला. निवड समितीवर एक सुजाण नागरिक घ्यावा लागतो. सुजाण म्हणजे वाचणारा आणि नागरिक म्हणजे गप्प बसणारा, असा अर्थ मी लावला. दोन्हींत बसत होतो.

सभेत आम्ही पाच जण होतो. तिघांनी अर्ज उघडलेच नाहीत, नुसते हातात घेऊन वजन पाहिलं. अध्यक्षस्थानी कचेरीतले साहेब. त्यांनी प्रत्येकाला गुणपत्रिकेच्या दोन प्रती दिल्या, एक कचेरीची आणि एक घरी न्यायची. सोबत एक शिसपेन्सिल आणि खोडरबर. "आधी शिसपेन्सिलीनं लिहायचं," साहेब म्हणाले. "सगळ्यांचा मेळ बसला की मग शाई."

सर्वांत जड अर्ज एका संस्थेचा होता; प्रत्येक सदस्याला घरी न्यायला तिनं एकेक प्रत दिली होती. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई, अकरा लाभार्थ्यांचे अकरा फोटो. प्रत्येकासमोर भरलेलं ताट आणि ताटात उकडलेलं अर्धं अंडं. सवयीनं मी चष्मा सरसावला. पहिल्या ताटातल्या अंड्याच्या बलकाचा डाव्या कडेला टवका उडाला होता. दुसऱ्यातही तिथेच. अकराव्यातही. माणसं बदलत होती. ताट तेच, भाताचा डोंगर तोच, अंडं तेच. एकानंही त्याला हात लावलेला नव्हता. लावू दिला नसणार.

चार लोकांत बोलायची मला सवय नाही. तरी मी म्हणालो, "साहेब, हे अंडं..."

"हो ना!" साहेब खुलले. "अंडंसुद्धा देतात. पंडितजींची नजर बघा. पौष्टिकतेचे पूर्ण गुण द्या हो."

"तसं नाही, म्हणजे प्रत्येक ताटात..."

"प्रत्येक ताटात! लिहून घ्या."

इतिवृत्तात नोंद झाली: सदस्यांनी अंड्याची विशेष दखल घेतली. मी खाली बसलो. खरं तर उठलोच नव्हतो.

मग मावशींचा अर्ज आला. निळ्या शाईनं, स्वच्छ हातानं लिहिलेला. सहावा प्रश्न होता, लाभार्थी असल्याचा पुरावा, गुण वीस. तिथे तिनं लिहिलं होतं: "जेवणाऱ्याचा फोटो मी काढत नाही. दुपारी येऊन बघा." मी दोन्ही प्रतींवर अठरा लिहिले. वीस द्यायला छाती लागते.

साहेब माझ्या कागदात डोकावले. "पंडितजी, पुराव्याचा पत्ता नाही आणि अठरा? खोडा बघू. रबर त्यासाठीच दिलंय."

मी खोडलं आणि शून्य लिहिलं. खोडण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. घरी न्यायच्या प्रतीवर अठरा तसेच राहिले, पण त्यात धाडस नव्हतं. विसरलो. अनुदान अंड्याला मिळालं.

त्रेपन्नाव्या दिवशी ताईला एका डब्याच्या झाकणावर ठेवायला काहीतरी जड हवं होतं. तिनं शब्दकोश उचलला आणि पत्र खाली पडलं. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. भावजी गेल्यापासून माझ्याकडे असते, किंवा मी तिच्याकडे असतो. तिनं पत्र उभ्या उभ्या वाचलं.

"काय रे पंडित, याला उत्तर दिलंस?"

"मसुदे केलेत. सात."

"आज कितवा दिवस?"

"त्रेपन्नावा."

"म्हणजे मोजतोयस! मोजायला येतं, मग लिहायला काय हात मोडले होते?" तिनं शब्दकोश डब्यावर आदळला. "छापखान्यातल्या त्या खिळे जुळवणारीला लग्नाचं विचारायलाही तू असेच मसुदे केलेस. तिची नातवंडं कॉलेजात गेली."

"ताई, त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. लिहवत नसेल तर जाऊन सांग. तोंड आहे ना? की तेही पुस्तकात घालून ठेवलंस?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो. बोललेल्याला पुरावा नसतो, हा बोलण्यातला मोठा फायदा. तो माझ्या ध्यानात होता, हे कबूल करतो.

खोली अरुंद होती. धूर खिडकीच्या फुटक्या काचेतून बाहेर जात होता, सांडपाणी एका नळीतून बादलीत पडत होतं. दारावर कुलपाची नोटीस चिकटवलेली. मावशींशी बोलायचं तर रांगेतूनच जावं लागत होतं, म्हणून मी रांगेत उभा राहिलो. मागून कोणी म्हणालं, "काका, सरका की पुढे." कोणीतरी हातात ताट दिलं.

मावशी वाढत होत्या. माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही. ताटाकडे बघून विचारलं, "एवढा भात पुरे?"

"अं... मी खरं तर..."

"लाजू नका. लाजून पोट भरत नाही, नुसती रांग तुंबते."

मागचे हसले. मी ताट घेऊन बाकावर बसलो. भात, वाटाण्याची भाजी, उकडलेलं अर्धं अंडं. शेजारी एक म्हातारा शिंपी जेवत होता.

"त्या कोणाच्या तोंडाकडे बघत नाहीत का?" मी हळूच विचारलं.

"नाही. पहिल्या दिवशी बघितलं असतं ना, तर दुसऱ्या दिवशी मी आलोच नसतो." त्यानं ताट बोटानं पुसलं. "तुमचा पहिला दिवस वाटतं? होईल सवय. महिनाभर तरी. मग कुलूप."

मी अंडं खाल्लं. सांगायला आलो होतो ते न सांगता ताट विसळून निघालो. मोठ्या पातेल्याचा तळ खरवडून शेवटच्या माणसाला वाढलेलं मी दारातून पाहिलं. माझ्या वाट्याचं त्याला पुरलं असतं.

घरी येऊन मी सातही मसुदे फाडले आणि एकटाकी लिहिलं:

"मावशींना नमस्कार. तुमचा अर्ज नामंजूर झाला तो सहाव्या प्रश्नावर. मी आधी अठरा गुण दिले होते, सांगितल्यावर खोडून शून्य केलं. शून्य माझ्याच हातचं आहे. अठरा असलेली प्रत सोबत जोडली आहे. ज्या संस्थेला अनुदान मिळालं तिच्या अकरा फोटोंची समितीतली प्रतही जोडली आहे. सर्व ताटांत एकच अंडं आहे. बलकाची डावी कड पाहावी. मी हे सभेत पाहिलं होतं आणि नीट सांगितलं नाही. आज दुपारी मी तुमच्याकडे जेवलो. पुरावा हवा असल्यास हे पत्र अपिलाला जोडावं. बोलावल्यास येईन आणि बोलेन."

खाली सही केली, पूर्ण पत्ता लिहिला. ताईनं वाचलं आणि 'बोलेन'वर बोट ठेवलं. "नक्की?"

"लिहिलंय ना."

"शाईनं लिहिलंयस," ती म्हणाली आणि चपला घालायला उठली, मी वाटेतून परत फिरेन म्हणून.

टपाल कचेरी बंद व्हायला दहा मिनिटं होती. खिडकीतल्या माणसानं पाकीट तोललं. "रजिस्टर? परवा पोचेल. आत काय?"

"चूक," मी म्हणालो, आणि मग घाईनं, "कागद. कागद आहेत."

मागून ताई म्हणाली, "अहो, मारा शिक्का लवकर, माणूस विचार करायला लागलाय."

त्यानं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. माझा हात खिडकीतून आत गेलेला होता. पाकीट परत मागायला गेला होता की पावती घ्यायला, ते मला अजून ठरवता येत नाही. त्यानं हातावर पावती ठेवली आणि खिडकी लावून घेतली.