शेवटच्या अंकातली माफी

वडशाच्या नाटक कंपनीत रीतानं आजवर कितीतरी नवऱ्यांना माफ केलं होतं. नाटक कोणतंही असो, नवरा अंकामागून अंक बायकोला छळायचा, शेवटी पाया पडून रडायचा आणि रीता त्याला उठवून छातीशी धरायची. मंडपातल्या बाया पदरानं डोळे पुसायच्या. रीताला या रडक्या नवऱ्यांचा वीट आला होता; पण लेखक गुणवंतराव तिला बहीण मानायचे, म्हणून ती मुकाट्यानं माफ करत राहिली.

तिचा खरा नवरा, अंकुश, दुसरीसोबत बल्लारपूरला राहायला गेला, तेव्हा ती फक्त गुणवंतरावांजवळ मोकळी झाली होती. लेक तापानं फणफणली असताना अंकुशनं फोन कसा उचलला नाही, तेही तिनं त्यांनाच सांगितलं.

दिवाळीआधी नव्या नाटकाची तालीम लागली. नाटकातली बायको तापलेली लेक मांडीवर घेऊन फोन लावत बसते, तिथं रीताची जीभ अडखळली. शब्द तिचेच होते. शेवटच्या अंकात नवरा परततो आणि बायको त्याला म्हणते, ‘झालं गेलं विसरली मी.’

"भाऊ, हे काऊन लिवलं?"

गुणवंतराव चष्मा पुसत राहिले. "अंकुश आला होता माह्याकडं. त्याले वापस यायचं हाय. चामोर्शीच्या प्रयोगाले समोर बसन तो. तुह्या तोंडून एकडाव निघालं का मनही वळन, असं वाटलं मले."

"म्हंजे त्याले विचारलं. मले नाई."

"पब्लिकले बी हेच लागते, बाई."

"अंकुशचं इतकं नाई लागलं, भाऊ," रीता हळूच म्हणाली. "तुमच्याजवळ तं मी रडली होती."

तिनं चपला घातल्या आणि तालमीतून निघून गेली. तिची भूमिका कंपनीतल्या पुनमनं केली. चामोर्शीत मंडप भरला, टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी अंकुश पिशवी घेऊन रीताच्या दारात उभा.

"काल नाटकात तं बायकोनं माफ केलं ना?"

"ते पुनमनं केलं," रीता म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पुढे ती दुसऱ्या कंपनीत खाष्ट सासूची कामं करू लागली. गुणवंतराव अधूनमधून घरी येत. ती चहा करी, त्यांच्या गुडघ्याची विचारपूस करी. ते विचारत, "तुहं कसं हाय?"

"बरं हाय," ती म्हणे. त्यापुढं एक शब्दही बोलत नसे.